पेटी ट्रकमध्ये, वारकरी रस्त्यावर : दिंडीचालकांस खुलं पत्र

आषाढी वारीतल्या सर्व दिंड्यांचे चालक, विणेकरी आणि व्यवस्थापक मंडळींस,

सप्रेम रामकृष्ण हरी.

औषधांची पेटी नाही अशी दिंडी आता क्वचितच दिसते. कुणा दात्याने दिलेली पत्र्याची पेटी, आत गोळ्यांची पाकिटं, कापूस, एखादी आयोडिनची बाटली. पण ती दिवसभर असते कुठे? पहाटे राहुट्या उतरल्या की ताडपत्र्या, पातेली आणि शिधा यांच्याबरोबर तीही ट्रकमध्ये चढते, आणि ट्रक वळणरस्त्याने पुढच्या मुक्कामाला निघून जातो. टाच सोलवटते, भोवळ येते, गुडघा फुटतो ते रस्त्यावर. त्या वेळी पेटी दहा-बारा किलोमीटर पुढे, तांदळाच्या पोत्याखाली असते. वाटेवर आरोग्य खात्याची पथकं असतात, 108 ची रुग्णवाहिका असते, त्यांचं काम मोलाचं आहे. पण गर्दीतून त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंतची पहिली दहा-पंधरा मिनिटं दिंडीचीच असतात.

म्हणून पहिली विनंती अशी, की पेटीचे दोन भाग करा. ट्रकमध्ये साठ्याची पेटी राहू द्या, आणि दिंडीबरोबर खांद्यावरची पडशी चालू द्या. शंभर माणसांमागे एक पडशी पुरते. ती विण्याजवळ पुढे ठेवू नका, सगळ्यात मागे ठेवा. ज्याचा पाय दुखतो, ज्याला धाप लागते तो हळूहळू मागे पडत जातो. पुढच्या टाळकऱ्यांना त्याचा पत्ताही नसतो. पडशीवाला शेवटच्या वारकऱ्याच्या मागे चालला, तर थांबलेला प्रत्येक माणूस त्याला आपोआप भेटतो. दिंडी शंभराच्या पुढे असेल तर दुसरी पडशी मध्यभागी, डोक्यावर तुळस घेतलेल्या माउलींच्या आसपास असावी.

पडशीचं वजन भरल्यावर तीन किलोच्या आत हवं. जड पडशी तिसऱ्या दिवशी ट्रकमध्ये जाते, हे ठरलेलं. पत्र्याची पेटी पावसात गंजते आणि उन्हात तापते, म्हणून जाड कापडी पाठपिशवी घ्या आणि आत चेनवाल्या पारदर्शक प्लास्टिक पिशव्या ठेवा. सामान दुकानदाराच्या यादीप्रमाणे लावू नका, तक्रारीप्रमाणे लावा. एका पिशवीवर ठळक अक्षरांत ‘रक्त’, दुसरीवर ‘पाय’, तिसरीवर ‘जुलाब-चक्कर’, चौथीवर ‘गोळ्या’. घाईत हात थरथरत असताना कुणी क्रेप बँडेज आणि रोलर बँडेज यांतला फरक शोधत बसत नाही. तो ‘रक्त’ ओढून काढतो. कुलूप कुठेच लावू नका, ट्रकमधल्या पेटीलाही नाही. किल्ली ज्याच्या कमरेला असते तो नेमका स्नानाला गेलेला असतो. आणि चिन्ह रंगवायचं तर हिरव्यावर पांढरं अधिक रंगवा. पांढऱ्यावरचा लाल क्रॉस रेड क्रॉसचा आहे आणि 1960 च्या जिनिव्हा करार कायद्याने तो इतरांना वापरता येत नाही.

‘रक्त’ पिशवीत हातमोज्यांच्या दहा जोड्या, 10 बाय 10 सेंटिमीटरचे निर्जंतुक गॉज 30 नग, 5 आणि 10 सेंटिमीटर रुंदीची रोलर बँडेज प्रत्येकी सहा, 10 सेंटिमीटरची क्रेप बँडेज तीन, त्रिकोणी पट्ट्या चार, सेफ्टी पिना आणि बोथट टोकाची मजबूत कात्री ठेवा. त्रिकोणी पट्टी विकत घ्यायची गरज नाही. मीटरभर पन्ह्याचं मांजरपाट मीटरभर घेऊन कर्णावर कापलं की दोन पट्ट्या होतात; धुऊन, इस्त्री करून ठेवा. सॅनिटरी पॅडची दोन पाकिटं इथेच असू द्या. माउलींना लागतातच, आणि मोठ्या जखमेवर दाबून धरायलाही ती उत्तम चालतात. जखमेवर थेट कापूस लावू नका. त्याचे धागे रक्तात चिकटतात आणि दुसऱ्या दिवशी सोडवताना जखम पुन्हा वाहते. आधी गॉज, मग तळव्याने सलग दहा मिनिटं दाब. मधून मधून उचलून ‘थांबलं का’ पाहिलं की धरलेली गुठळी निघते आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. रक्त वर झिरपलं तर खालचं गॉज काढू नका, त्यावर आणखी ठेवून जोर वाढवा. हळद, चहापूड, तंबाखू जखमेत भरणं थांबवा. दवाखान्यात ते सगळं खरवडून काढावं लागतं, आणि त्या वेदना वारकऱ्यालाच सोसाव्या लागतात. खरचटलेली जागा भरपूर स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुणं हे आयोडिनपेक्षाही महत्त्वाचं. धनुर्वाताची लस गेल्या पाच वर्षांत झालेली नसेल, तर माती लागलेल्या जखमेनंतर ती घ्यावीच लागते. प्रस्थानाआधी गावच्या आरोग्य केंद्रात सगळ्यांची एकदम करून घेतली, तर वाटेवरचा हा प्रश्नच उरत नाही.

आता पायांविषयी सविस्तर, कारण वारीतल्या प्रथमोपचारातलं बहुतेक काम पायांचंच असतं. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. ओला पाय, वाळू शिरलेली चप्पल आणि डांबराची उष्णता एकत्र आली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोड येतो. फोड येण्याआधी त्या जागी गरम, चुरचुरल्यासारखं वाटतं. तिथेच थांबून पाय कोरडा करून मायक्रोपोर चिकटपट्टी लावली तर बरेच फोड येतच नाहीत. पट्टीचे चारही कोपरे कात्रीने गोल करा. टोकदार कोपरा चपलेला घासून उचकटतो आणि त्याखाली माती जाते. ओल्या पायावर पट्टी टिकत नाही, म्हणून ‘पाय’ पिशवीत चिकटपट्टीच्या चार गुंडाळ्यांबरोबर दोन सुती फडकी हवीतच.

फोड लहान असेल, टेकल्यावर फारसा दुखत नसेल, तर फोडू नका. भोवती गोल भोक पाडलेला फोमचा तुकडा लावा. रुपयाएवढा मोठा, भार पडणाऱ्या जागी आणि ताणलेला असेल तरच पाणी काढायचं, तेही मुक्कामावर. हात धुवा, हातमोजे घाला, पाय साबणाने धुऊन कोरडा करा, फोडावर पोव्हिडोन आयोडिन लावून ते सुकू द्या. दवाखान्यातली एकदाच वापरायची सुई पाकिटातून काढून, फोडाच्या खालच्या कडेला दोन ठिकाणी टोचा आणि गॉजने हळूच दाबा. वरची कातडी काढू नका; तीच सगळ्यात चांगली पट्टी आहे. वर मलम, गॉज, चिकटपट्टी. बोटाभोवती पट्टीचा पूर्ण वेढा देऊ नका, चालताना बोट सुजतं आणि आवळतं. सुईत दोरा ओवून तो फोडात ठेवून देण्याची पद्धत अनेक जण सांगतात. त्या दोऱ्यावरून रस्त्यावरची घाण सरळ आत जाते, म्हणून ते कृपा करून करू नका. वापरलेली सुई झाकणाच्या जाड प्लास्टिक बाटलीत टाका. त्याच तळावर पहाटे शेकडो माणसं अनवाणी चालणार असतात.

मधुमेह असलेल्या वारकऱ्याचा फोड दिंडीत कुणीच फोडायचा नाही. त्याला पायाची जाणीव कमी असू शकते. बाभळीचा काटा रुतून दोन दिवस झाले तरी कळत नाही. अशा वारकऱ्यांचे तळवे रोज संध्याकाळी दुसऱ्या कुणीतरी बॅटरीच्या उजेडात पाहावेत, बोटांच्या बेचक्यांसह. लाली, पाणी, काळेपणा दिसला की त्याच रात्री डॉक्टर. बेचक्यांतल्या चिखल्यांसाठी क्लोट्रिमाझोलच्या चार नळ्या ठेवा, पण पाय कोरडे ठेवल्याशिवाय मलमाचा उपयोग नाही. मांड्या घासून सोलवटतात त्यासाठी पेट्रोलियम जेलीचा मोठा डबा ट्रकमध्ये आणि छोटी डबी पडशीत. ती निघण्यापूर्वी लावायची असते. सोलल्यावर नुसती आग होते.

‘जुलाब-चक्कर’ पिशवीत ओआरएसची एक लिटरची वीस पाकिटं, ट्रकमध्ये आणखी दीडशे. हे पाकीट साधारण साडेवीस ग्रॅमचं असतं आणि ते पूर्ण एक लिटर पाण्यात, एकाच वेळी विरघळवायचं असतं. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. घाईत पाकीट फोडून ग्लासभर पाण्यात ढवळून देतात. म्हणजे पाचपट खारट-गोड पाणी; ते आतड्यात आणखी पाणी ओढून घेतं आणि जुलाब वाढतात. लहान मुलाला तर ते धोक्याचंच. पाण्याची एक लिटरची मोकळी बाटली पडशीला बांधून ठेवा, लिटरच्या रेघेवर चिकटपट्टी लावा, आणि कागदाचं नरसाळं करून पूड आत सोडा, नाहीतर निमुळत्या तोंडावरून चमचाभर बाहेर सांडते आणि प्रमाण बिघडतं. मोठ्या माणसाला प्रत्येक जुलाबानंतर ग्लासभर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला अर्धा ग्लास ते ग्लासभर, त्याहून लहानाला चमच्याचमच्याने पाव ते अर्धा ग्लास. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा घोट घोट. केलेलं पाणी 24 तासांनी ओतून द्या. पाकिटं संपली तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. रंगीत खोक्यांतली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. दात्यांनी ती दिली तर ती तहानेसाठी वाटा, जुलाबासाठी नको. जुलाबात रक्त, ताप, किंवा सहा-आठ तास लघवीच नाही, असं दिसलं की पडशीचं काम संपलं, दवाखाना गाठा. जुलाब थांबवायची गोळी पडशीत ठेवूच नका.

ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यात पुणे ते सासवड हा सुमारे तीस किलोमीटरचा टप्पा आणि दिवे घाटाची चढण बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीलाच येते. उपवास, चढ आणि मधुमेहाची नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन, हे तिन्ही एकत्र आलं की साखर उतरते. दरदरून घाम, हातांना कंप, चिडचिड, अडखळतं बोलणं. थकवा आहे म्हणून सावलीत झोपवून ठेवलं तर माणूस बेशुद्ध होतो. शुद्धीत असेल तर तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी बरं नसेल तर पुन्हा तेवढंच, आणि नंतर काहीतरी खायला लावा. उपवासाचं चालेल, पण खायला हवं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका; कुशीवर वळवा आणि 108. त्या दिवशी गोळी किती घ्यायची हे प्रत्येक मधुमेही वारकऱ्याने निघण्याआधीच आपल्या डॉक्टरांना विचारलेलं असावं. हे विचारून घेणं दिंडीचालकांच्या शब्दाने होतं, आमच्या सांगण्याने होत नाही.

पाऊस लांबला की उन्हाचा त्रास. चक्कर, पोटऱ्यांत गोळे आले तर सावली, पाय उंच, ओआरएस. पण अंग भाजल्यासारखं तापलेलं आणि माणूस असंबद्ध बोलतोय, झोकांड्या खातोय, तर तो उष्माघात. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. कपडे सैल करा, टँकरचं पाणी अंगावर ओता, उपरण्यांनी वारा घाला, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हे चालूच ठेवा.

‘गोळ्या’ पिशवी मुद्दाम लहान ठेवा. पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅमच्या पन्नास, आणि अ‍ॅस्पिरिनची एक पट्टी. वारीत गोळ्या भक्तिभावाने वाटल्या जातात आणि तितक्याच भक्तिभावाने घेतल्या जातात. सकाळी एका शिबिरात, दुपारी दुसऱ्या, आणि दोन्ही पाकिटांत नाव वेगळं, औषध तेच. पॅरासिटामॉल मोठ्या माणसाला दिवसात चार ग्रॅमच्या, म्हणजे आठ गोळ्यांच्या वर कधीच नाही. सर्दीच्या गोळीत असतं तेही त्यातच मोजायचं. डायक्लोफिनॅकसारख्या अंगदुखीच्या गोळ्या पडशीत नकोत. घामाने पाणी कमी झालेल्या, रक्तदाबाची औषधं घेणाऱ्या साठी-सत्तरीच्या माणसाच्या मूत्रपिंडावर त्या थेट आघात करतात. अ‍ॅस्पिरिन कशासाठी, तर छातीच्या मधोमध दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर. तेव्हा बसवा, 108 लावा, आणि अ‍ॅलर्जी, पोटातला रक्तस्राव असं काही नसेल तर तिथल्या डॉक्टरांना फोनवर विचारून 300 ते 325 मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्या. छातीत दुखल्यावर हृदयरोगी जिभेखाली ठेवतात ती गोळी दुसऱ्याच्या खिशातली घेऊन देऊ नका. रक्तदाब आधीच उतरलेला असेल तर ती घात करते. प्रतिजैविकं आणि इंजेक्शनं दिंडीच्या पेटीत असूच नयेत.

मुक्काम शेतात, झोप जमिनीवर, म्हणून साप-विंचवाचं स्पष्ट लिहितो. मण्यार रात्री झोपलेल्याला चावतो, आणि दंशाची खूण बहुधा दिसतच नाही. पहाटे पोटात दुखतंय, पापण्या मिटतायत, गिळता येत नाही असं कुणी म्हणालं, तर अपचन म्हणून सोडू नका. दंश झालेला हात किंवा पाय तंबूच्या काठीला सैलसर बांधून स्थिर करा, अंगठ्या, जोडवी, बांगड्या लगेच काढा, वेळ कागदावर लिहा, माणसाला चालवू नका. आवळपट्टी, ब्लेडचा चीर, चोखणं, बर्फ, यातलं काही नाही. प्रतिसर्पविष फक्त दवाखान्यात मिळतं आणि तिथेच द्यायचं असतं. म्हणून व्यवस्थापकांनी प्रत्येक मुक्कामाआधी विचारून ठेवावं, की सर्वांत जवळ ते कुठे उपलब्ध आहे, आणि तो नंबर पडशीच्या झाकणाला चिकटवावा. लाल विंचवाचंही तसंच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून विंचूदंशाचे मृत्यू किती कमी होऊ शकतात हे दाखवून दिलं, पण ते औषध रक्तदाब उतरवतं. ते डॉक्टरांनीच द्यायचं. घाम, लाळ, उलटी, हातपाय गार, ही लक्षणं दिसली की निघा.

ट्रकमधल्या पेटीत साठ्याखेरीज दोन गोष्टी मुद्दाम हव्यात. एक, भाजण्यासाठीची पिशवी, कारण भाजणं स्वयंपाकाच्या पालातच होतं. उकळती आमटी सांडली की वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, बांगड्या काढणं, मग स्वच्छ ओलसर सुती कापड. टूथपेस्ट, शाई, बर्फ नको. पाल टाकताना पाण्याचं एक पिंप चुलीपाशीच ठेवा. दुसरी, वीस मीटर नायलॉनचा दोर आणि त्याला बांधलेला झाकणबंद मोकळा पाच लिटरचा कॅन, नीरास्नान आणि चंद्रभागेसाठी. बुडणाऱ्याकडे तो फेकायचा, आपण उडी घ्यायची नाही. जेजुरीच्या दिवशी सलाईनच्या 100 मिलिलिटरच्या तीन बाटल्या पडशीत वरच ठेवा. डोळ्यात भंडारा गेला की लोक चोळतात. न चोळता डोळा धुवायचा.

पेटी बिघडते ती वापराने नव्हे, विसरण्याने. वारीहून परतल्यावर ती तशीच मंदिराच्या माळ्यावर चढते आणि पुढच्या ज्येष्ठात उघडते. तोवर चिकटपट्टीचा गोंद वितळून गोळा झालेला असतो, गॉजची पाकिटं दमट होऊन उसवलेली असतात, निम्म्या गोळ्यांची मुदत टळलेली असते. परतल्यावर आठवडाभरात पेटी रिकामी करा. उरलेलं आणि पुढच्या वारीपर्यंत टिकणारं गावच्या आरोग्य उपकेंद्राला विचारून द्या, मुदत संपलेलं औषधविक्रेत्याकडे सोपवा. अक्षय्य तृतीयेला नवी यादी करून खरेदी करा. खरेदी करताना मुदत किमान पुढच्या दिवाळीच्या पलीकडची बघा. प्रत्येक पिशवीत एक कागद असू द्या, त्यावर वस्तू, संख्या आणि मुदतीचा महिना. रोज संध्याकाळी समाजआरती झाली की पडशीवाल्याने तो कागद समोर धरून जे कमी झालं ते ट्रकमधून भरावं. सकाळवर ढकललं की ट्रक सुटलेला असतो.

पडशीमागे दोन माणसं शिकलेली हवीत, एक माउली आणि एक पुरुष असं असेल तर उत्तम. छातीवर दाब देणं, मिनिटाला 100 ते 120, पाच-सहा सेंटिमीटर खोल, हे वाचून येत नाही. हाताखाली पुतळा घेऊन शिकावं लागतं. सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स आणि रेड क्रॉस असं प्रशिक्षण देतात. प्रत्येक वारकऱ्याच्या गळ्यात प्लास्टिकच्या पाकिटात एक चिठ्ठी असू द्या. नाव, वय, दिंडी क्रमांक आणि ती पालखीच्या रथापुढे की मागे, चालू औषधं, कशाची अ‍ॅलर्जी, घरचा फोन. 108 ला सांगताना हेच सांगावं लागतं, आणि त्यासोबत जवळचा किलोमीटरचा दगड. ‘पालखी मार्गावर आहोत’ एवढ्याने गाडी सापडत नाही.

या यादीची छापील प्रत आणि पिशव्यांवर लावायच्या नावांचे कागद आम्ही तयार ठेवले आहेत. पडशीसाठी निवडलेली दोन माणसं प्रस्थानाच्या आदल्या दिवशी आळंदीत किंवा देहूत आम्हाला भेटली, तर तासाभरात पडशी समोर उघडून सगळं हाताने दाखवू.

आपले,
दिंड्यांसोबत प्रथमोपचाराची सेवा करणारे परिचारिका, औषधविक्रेते व कार्यकर्ते